अमेरिकेतल्या पोरीला धाडलेलं मूळ

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे मी हळूहळू, ओठ हलवत लिहिते आहे. तुला वाचून दाखवायचे तेव्हा जितक्या वेगाने वाचायचे, तितक्याच. रविवारी आपल्या धाकट्याचं लग्न आहे. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेत. भटजी ठरले, माइकवालाही ठरला. काल मामी आली आणि चपला न काढताच उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "धवलारीन कोन बोलावली?" धाकटा म्हणाला, "मामी, आता कोण बोलवतं गं? भटजी अर्ध्या तासात मोकळं करतात." मामीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आयस धवलारीन, नि लेकीला येक धवला येत नाय. मंग बी.ए. झायलीस ती कसली?" सगळे हसले, मीही हसले. पण मामी गेल्यावर माझा कामात हात चालेना.

विठ्ठलवाडीच्या ज्या शाळेत मी आता इतिहास शिकवते, तिथल्या बाईंना खरं वाटत नाही की आपल्याकडे बाई लग्न लावायची. मंत्र नाहीत, पोथी नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंतची लग्नगाणी, म्हणजे धवले, तोंडपाठ असलेली एक बाई, धवलारीण, बसायची आणि तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकायचं. ती बाई तू होतीस, हे सांगताना माझा आवाज आता चढतो. तेव्हा चढत नसे. सासरी असलेल्या लेकीला आणायला माणूस धाडतात, त्याला मूळ म्हणतात. तू गाण्यातून सगळ्यांना मूळ धाडायचीस. आधी देवांना, मग गावदेवीला, खाडीला, बांधाला, मग घराण्यातल्या गेलेल्या माणसांना. आणि शेवटी एक गोष्ट करायचीस, जी मी दुसऱ्या कोणत्याही धवलारणीला करताना पाहिली नाही. तांदळाचं सूप खाली ठेवायचीस आणि मांडवाकडे बघत तीनदा विचारायचीस, "कोन ऱ्हायलं? कोन ऱ्हायलं? कोन ऱ्हायलं?" मग बाया एकेक नाव काढायच्या. कुणाची पोटातच गेलेली मुलगी, कुणाचा मुंबईला जाऊन न परतलेला दीर. तू ते नाव उचलून गाण्यात घालायचीस. सगळ्या गप्प झाल्या की शेवटचं नाव तू स्वतः घ्यायचीस, अगदी खालच्या आवाजात. तुझ्या आयशीचं.

तू सात-आठ वर्षांची असताना ती ओहोटीला कालवं काढायला खाडीत उतरली, ती परत आली नाही. तू तेव्हा बांधावर पाखरं राखत होतीस, डबा वाजवत. तिला जाताना तू पाहिलंस आणि डबा वाजवत राहिलीस. प्रेत मिळालं नाही, म्हणून दिवसही घातले नाहीत. हे तू मला एकदाच सांगितलंस, मांदेली साफ करता करता, वर न बघता. मी तेव्हा दहावीत होते.

अमेरिकेतल्या पोरीचं ते पुस्तक मी टी.वाय.ला असताना घरी आणलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ असेल. आपल्या खारजमिनीत तेव्हा डंपर भराव टाकायला लागले होते आणि डोंबिवलीच्या बाजूने इमारती खाडीकडे सरकत होत्या. ठाण्याला कॉलेज सुटलं की मी टेंभी नाक्याजवळच्या वाचनालयात बसायचे. आम्हाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. सरांनी सांगितलं होतं, फक्त राष्ट्राध्यक्ष आणि लढाया लिहू नका. ज्यांना जनावरांसारखं विकलं गेलं त्यांची मुलं काय करत होती, ते शोधा. मी हे अगदी मनावर घेतलं. मी तेव्हा सगळंच मनावर घ्यायचे. त्या वाचनालयात मला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. लहानपणी गुलाम असलेली माणसं म्हातारपणी आपल्या आठवणी सांगतात, असं ते पुस्तक. त्यात एका बाईची चारच पानं होती. सुरुवात वाचूनच ती मला आवडली आणि मी ती घरी वाचायला घेतली, मोठ्याने, मराठी करत करत. तू मोरीपाशी बसून कोळंबी सोलत होतीस. तू ऐकते आहेस असं मला वाटलंच नव्हतं.

मी वाचलं की ही पोर आईबरोबर भातशेतीच्या मालकाकडे होती. तुझा हात थांबला. "भात?" तू म्हणालीस. "कापूस बोलली व्हतीस ना परवा?" मी सांगितलं, कापूस सगळीकडे नव्हता, समुद्राजवळ खाऱ्या दलदलीत बांध घालून भात करायचे, लाकडी दारं उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचे. तू कोळंबीची टोपली बाजूला सरकवलीस. "मंग उघाडी बोल ना! दारं काय बोलतंस?" मी पुढे वाचलं, की लहान पोरांचं काम पाखरं हाकायचं, पहाटेपासून बांधावर उभं राहून फळ्या वाजवायच्या, एक दाणा कमी पडला तर चाबूक. तू आपले तळहात उलटसुलट करून पाहिलेस. मग म्हणालीस, "फल्या वाजवून हात सुजतात. डबा बरा." आणि मग, "किती वरसांची गो पोर?" मी म्हटलं, तिला माहीत नाही, तिचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही. तू हसलीस. "मना तरी कुठं म्हाईत हाय?"

चार पानं वाचायला आपल्याला महिना लागला असेल. तू प्रत्येक ओळीवर थांबवायचीस. तिला काय घालायला द्यायचे? ती कुठे निजायची? मालकाची बायको कशी होती? पुस्तकात नसलेल्या गोष्टी तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, "आये, हे दिलेलं नाही." तुला ते पटायचं नाही. "दिलेलं नाय म्हंजे? कुठंतरी निजली असंल ना ती?" मग ती पोर विकली गेली. आई तिथेच राहिली, पोर नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्या मालकाकडे. त्या दिवसापासून तुझा एकच प्रश्न सुरू झाला. मी घरात पाऊल टाकलं की, पाणी देण्याआधी, "भेटली का गो तिला आयस?"

ती पळाली, तो भाग तुला सगळ्यात आवडायचा. आईकडे जायला पळाली. रस्त्याने गेली असती तर कुत्र्यांनी वास काढला असता, म्हणून नदीकडेने, दलदलीतून. मी पान उलटणार तेवढ्यात तू म्हणालीस, "थांब. चिखलात उभी नाय ऱ्हाऊ द्यायची तिला. रुतंल ती. आडवं व्हायचं, पोटावर, नि हातांनी वढत जायचं. ओहोटी कवा हाय ते बघून." मी पान उलटलं. पुढच्याच ओळीत ती म्हातारी सांगत होती, की ती चिखलावर पालथी पडली आणि पोहल्यासारखी सरकत गेली. मी ती ओळ पुन्हा वाचली. तू मात्र कोळंबी सोलत होतीस. "मंग? दुसरं काय करील?" दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं, की दलदलीत माणूस आडवा झाला तर रुतत नाही आणि खाडीकाठच्या पोरांना हे ज्ञान असतं. सर खूश झाले. "हे कुठे वाचलंस?" मी म्हटलं, "एका संदर्भग्रंथात, सर."

आये, पुस्तकात ती पोर आईच्या झोपडीपाशी पोचते आणि तिथे दुसरंच कुटुंब असतं. आईला महिन्याभरापूर्वी विकलेलं असतं, कुठे, ते कुणालाच ठाऊक नसतं. त्या संध्याकाळी मी ती ओळ मनात वाचली आणि तिथेच थांबले. तू समोर बसली होतीस. हातातली कोळंबी तशीच धरलेली, तोंड किंचित उघडं, सात-आठ वर्षांच्या पोरीसारखं. "भेटली का गो?" मी म्हटलं, "भेटली." तू विचारलंस, "कशी?" मी म्हटलं, "दारातच उभी होती. हिची वाट बघत." तू म्हणालीस, "पायाला चिखल व्हता तिच्या. आयशीनं धुतला असंल." मी म्हटलं, "हो. आधी पाय धुतले, मग जवळ घेतलं." पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. मी पुस्तक मिटलं. तू उठून दारात गेलीस आणि पाठमोरी उभी राहून पदराने तोंड पुसलंस. मला वाटलं, मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं केलं.

मग शहाडला मामाच्या मुलीचं लग्न आलं. तिथेही भटजी सांगितले होते, पण मामाने हट्टाने तुलाही बसवलं. मी सरांना आणि वर्गातल्या दोन मैत्रिणींना बोलावलं होतं. मला त्यांना आपले लोक दाखवायचे होते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यांच्याबरोबर खुर्चीवर बसलेली मी आपल्या लोकांना दिसावी, असं मला वाटत होतं. तू देवांना मूळ धाडलंस. गेलेल्यांना धाडलंस. सूप ठेवून तीनदा विचारलंस. बायांनी नावं घेतली. मग सगळं शांत झालं आणि तू तुझ्या आयशीचं नाव घेतलंस. तिथे धवला संपायला हवा होता. पण तू थांबली नाहीस. तू डोळे मिटून नव्याच ओळी म्हणायला लागलीस, तुझ्याच त्या संथ चालीत: खाडीपल्याड दर्या, दर्यापल्याड भात, भाताच्या बांधावर पाखरं राखते पोर, तिला धाडा मूळ. चिखलावर पोहत आली, दारात उभी आयस, पाय धुतले पोरीचे, दोघींना धाडा मूळ.

आधी कुणाला कळलं नाही. मग एका बाईने विचारलं, "कोनाची गो ही पोर?" आणि तू सरळ सांगितलंस, "अमेरिकेतली." नवऱ्याकडचा एक काका पुढेच बसला होता. तो ओरडला, "ओ धवलारीन बाय, अमेरिकेला मूळ धाडलंव, पन इमानाचं तिकीट कोन काढील? नवरीचा बापूस?" दुसरा म्हणाला, "नि तिथलं वऱ्हाड आलं तर मटन पुरंल काय?" सगळा मांडव हसला. भटजीही माइक हातात धरून हसले. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. तू सुपातले तांदूळ सारखे करत होतीस. माझी मैत्रीण माझ्याकडे बघत होती. सर पुढे वाकून म्हणाले, "काय म्हणाल्या त्या? मला नीट कळलं नाही." ते कुचेष्टेने विचारत नव्हते, आये. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हे मला आज कळतं. मी म्हटलं, "काही नाही सर. जुनं काहीतरी."

मग मी मांडवामागे आले. तू पिंपातलं पाणी पीत होतीस. मागे मोठ्या टोपात रस्सा उकळत होता आणि आचारी कांद्यांवरून कुणाला तरी शिव्या घालत होता. मी दात आवळून बोलले, कारण मैत्रिणी जवळच होत्या. "आये, काय केलंस हे? लोक हसले."

"हसूदे की. लग्नात हसायचंच असतं."

"तो इतिहास आहे. खरं घडलेलं. मनाला येईल ते जोडून गाण्यात घालायचं नसतं."

तू पेला खाली ठेवलास. तुला खरंच कळलं नव्हतं, मी कशाबद्दल बोलते आहे. "मी काय जोडलं? तूच वाचलंस ना, भेटली बोलून?"

तेव्हा मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "पुस्तकातलं पुस्तकात ठेवायचं. तुला काय कळतं त्यातलं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पदराने हात पुसलेस, एकेक बोट, मासे साफ केल्यावर पुसायचीस तसे. "बरं बाय," तू म्हणालीस. "नाय घालनार." आणि आत जाऊन पुढचे सगळे धवले म्हटलेस, एकही न चुकता.

तुझ्या वागण्यात काही फरक पडला नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तू मला डबा करून द्यायचीस. परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवलीस. निकाल लागला तेव्हा आळीभर पेढे वाटलेस आणि प्रत्येक दारात सांगितलंस, "आमच्या घरान पयली." पण मी पुस्तक उघडलं की तू काहीतरी आणायला उठायचीस. आणि पुढच्या लग्नात, आपल्याच गावात, मी तुझ्यामागे बसले होते. तू देवांना मूळ धाडलंस, गेलेल्यांना धाडलंस, आणि सूप उचलून सरळ हळदीच्या धवल्यावर गेलीस. विचारलंच नाहीस. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "गो, ऱ्हायलेली नावं?" तू मान हलवलीस आणि गात राहिलीस. मला वाटलं विसरलीस. त्याच्या पुढच्या लग्नातही तेच झालं. तेव्हा मला कळलं, की माझ्या त्या एका वाक्याने तुझ्या आयशीचंही मूळ बंद झालं. कोणतं नाव घालायचं आणि कोणतं नाही, हे आता शिकलेली लेक ठरवणार होती, म्हणून तू प्रश्नच काढून टाकलास. मी तुला विचारायला हवं होतं. मी ठरवायचे, आज विचारू. मग नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या. मग तुला कावीळ झाली, आणि तीन आठवड्यांत तू गेलीस. शेवटच्या दिवसांत तुला ग्लानी असायची. एकदा डोळे उघडून तू माझे पाय बघितलेस आणि म्हणालीस, "धुतलेस का?" मी बाहेरून आले होते, म्हणून विचारलं असशील. मी हो म्हटलं.

मामी काल जे बोलून गेली, त्याने मला आज शाळा सुटल्यावर ठाण्याला नेलं. वाचनालयात ते पुस्तक अजून आहे, पाठीला नवी पट्टी लावलेलं. मागच्या कार्डावर माझ्यानंतर एकाही माणसाची सही नाही. मी तिथेच उभ्याने ती चार पानं वाचली. झोपडीत दुसरंच कुटुंब होतं, ती ओळ आली. तिथे पान संपतं. मी पान उलटलं, आये, आणि पुढे अर्धं पान मजकूर होता. तो मी कधी वाचलाच नव्हता. तुला नाही वाचून दाखवला, असं नाही; मीच वाचला नव्हता. त्या संध्याकाळी पुस्तक मिटलं ते मिटलंच, आणि परीक्षेत मी उत्तर लिहिलं ते गाइडवरून. इतिहासात मनाचं घालू नये, असं तुला मी सांगितलं. मी, जिने तो पुरता वाचलासुद्धा नव्हता.

त्या अर्ध्या पानावर असं आहे, की लढाई संपली, सगळे मोकळे झाले आणि ती पोर, आता बाई झालेली, आईला शोधायला निघाली. गावोगावच्या प्रार्थनेला जायची. प्रार्थना संपली, लोक उठायला लागले, की ती उभी राहायची आणि आपल्या आईचं नाव सांगायची, तिच्या कपाळावरची खूण सांगायची, आणि विचारायची, हिला कुणी पाहिलंय का? लोक माना हलवायचे. पुढच्या रविवारी दुसरं गाव. तिला मुलं झाली, नातवंडं झाली. पंचाहत्तरीतही ती उठून उभी राहायची. लिहून घेणाऱ्याने तिला विचारलं, आता ती कशी जिवंत असेल? ती म्हणाली, ते मलाही कळतं, पण मी विचारलं नाही तर ती कुणाच्या तोंडी राहणार नाही.

मी हे तुला वाचून दाखवलं असतं तर तू रडली असतीस. पण तू तिला ओळखलं असतंस. कोळंबी खाली ठेवून म्हणाली असतीस, मंग? दुसरं काय करील? मी तुझ्यापासून जे लपवलं तेच तुझं होतं, आणि जे दिलं ते माझ्यात धीर नव्हता म्हणून दिलं. तरी तुझ्या गाण्यातलं ते पाय धुणं मला आता खोटं म्हणवत नाही. त्या बाईच्या आयुष्यात निदान एका मांडवात, शहाडला, तिची आई तिला भेटली.

मला एकही धवला येत नाही. पण तीनदा विचारायला धवला यावा लागत नाही. रविवारी भटजींनी माइक हातात घ्यायच्या आधी उठायचं आणि विचारायचं, मग जी नावं येतील ती नुसती म्हणायची. सगळे गप्प झाले की तुझ्या आयशीचं, तुझं आणि त्या दोघींचं. लोक हसले तर हसूदे, लग्नात हसायचंच असतं. असं मी ठरवलंय.

हे पत्र त्या अर्ध्या पानात ठेवणार आहे. पुस्तक मी घरी आणलंय, पंधरा दिवसांनी परत करायचं आहे, तोवर तिथे असेल. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मघाशी मी दार लोटून ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला, तुझ्यासारखा नव्हता, पण निघाला: कोन ऱ्हायलं? बाहेर धाकटा बांबू मोजत होता. त्याने तिथूनच विचारलं, "कोण गं ताई?"

मी म्हटलं, "कोणी नाही."